केस पिळणारी

“आणि तिथनं पुढे नवी बाग,” चारुशीलाताई हातातल्या कागदावरून वाचत म्हणाल्या. “बागेत केस पिळणाऱ्या बाईचा पुतळा. गेल्या माघात बसवलाय. सिमेंटचा आहे, पण पाहण्यासारखा आहे, असं आमच्या धाकटीचं म्हणणं. तो पाहायचा, मग आयर्विन पूल, आणि तसंच घरी. साडेदहाला पानं मांडायची आहेत, तेव्हा कुणी रेंगाळायचं नाही.”

गणपतीच्या देवळाबाहेर शरयू वाकून चपला घालत होती, ती तशीच वाकलेली राहिली. पाय चपलेत गेला होता, पण आता उठायचं म्हणजे काय करायचं असतं तेच तिला क्षणभर आठवेना. केस पिळणारी बाई. तशा सांगलीच्या घाटावर रोज चाळीस-पन्नास बायका केस पिळत असतील, पण सिमेंटची? सिमेंटची एकच. आणि ती तर पोत्यात गुंडाळून कुठल्याशा कोठारात पडली होती, पडलेलीच राहणार होती, असं शरयू गेली दोन वर्षं धरून चालली होती. “काय वं शरयूबाई, काटा मोडला काय?” विजयमालेनं विचारलं. “नाही, अंगठा सैल झालाय चपलेचा,” शरयू म्हणाली आणि उठली. तिनं पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढून घेतला. माघात बसवलाय. म्हणजे दोन-तीन महिने ती तिथं उघड्यावर बसली आहे, येणारे-जाणारे तिला बघताहेत, आणि आपण मात्र साताऱ्यात बसून परकरांना नाड्या घालतोय. कुणी एक ओळ तरी कळवायची! पण कळवणार कोण, आणि कुणाला, आणि काय म्हणून.

साताऱ्याच्या भगिनी मंडळाची ही सहल होती. एकूण अकरा बायका. काल संध्याकाळी आगगाडीनं आल्या, चारुशीलाताईंच्या बहिणीकडे उतरल्या, रात्री एकीनंही दुसरीला झोपू दिलं नाही, आणि सकाळी सातला देवदर्शन करून नदीकाठानं चालायला तयार. बायकांनी चाललं पाहिजे, मोकळ्या हवेत, घोळक्यानं, आणि डोळे उघडे ठेवून, हे ताईंचं व्रत. ताई वकिलांच्या पत्नी, मंडळाच्या अध्यक्ष, वय पन्नास, आणि चालणं असं की मागच्यांना दुडक्या चालीनं पळावं लागे. साताऱ्यात पहिल्यांदा हा घोळका रस्त्यावर निघाला तेव्हा दुकानदार गादीवरून उठून बघायला बाहेर आले होते. आता कुणी ढुंकून बघत नाही, आणि त्याचंच ताईंना थोडं वाईट वाटतं. त्यांच्या पाठोपाठ इनामदारांच्या शालूबाई, साठी उलटलेल्या, रीतीभातीला कडक, गुडघे गेले गं माझे म्हणत म्हणत सगळ्यांच्या आधी पोचणाऱ्या. विजयमाला कऱ्हाडकडची, घरचा ऊस, नवरा पलटणीत जमादार. लढाई संपून आठ महिने झाले तरी त्याचं पत्र अजून जावाहून येत होतं. तिचं कुंकू रुपयाएवढं असे आणि बोलणं त्याहून मोठं. बाकीच्या सात जणी एकमेकींच्या मागे-पुढे होत्या, आणि सगळ्यांत शेवटी शरयू, मंडळाच्या शिवणवर्गाची बाई.

शेवटी, कारण तिला कुणी शेवटी चाल म्हटलं नव्हतं, पण दोन वर्षांत पायांनाच ते समजलं होतं. भाऊ विष्णुपंत भला माणूस, भावजयही वाईट नाही, पण विधवा बहीण म्हणजे घरात सकाळी समोर येऊ नये अशी एक वस्तू असते, आणि ती वस्तू आपणच बाजूला ठेवलेली बरी. वर्ग मिळाला तेव्हा तिला मोकळा श्वास आला. पण वर्ग अजून कच्चा होता. येत्या महिन्यात मंडळाची सभा, तीत शिवणबाईंना कायम करायचं की कसं ते ठरणार, आणि ठरवणार त्या ह्याच दहा बायका, ज्या आत्ता तिच्यापुढे पदर सावरत, हसत-खिदळत घाटाच्या पायऱ्या उतरत होत्या आणि अर्ध्या तासात तिच्या तोंडापुढे जाऊन उभ्या राहणार होत्या. ओळखलं तर? नदीच्या पायरीवर ओल्या लुगड्यात बसलेली, पाठ उघडी टाकलेली, केस पिळणारी बाई म्हणजे आपल्या शिवणबाई, हे कळलं तर मुली पाठवेल कोण तिच्याकडे? सगळ्या साताऱ्यात बोभाटा होईल. आणि त्या धास्तीच्या बरोबर मागनं, लाज नाही लज्जा नाही, दुसरं एक काहीतरी उसळून वर आलं. ओळखलं नाही तर? दहापैकी एकीलाही कळलं नाही तर? मग ह्या जगात ते कुणालाच ठाऊक नाही. ह्या विचारानं तिला पहिल्यापेक्षा जास्त भीती वाटली, आणि तिची पावलं आपोआप भरभर पडू लागली.

चैत्रातलं पाणी उतरलं होतं. नदी पलीकडच्या अंगाला सरकली होती आणि अलीकडे वाळूत कलिंगडांचे वेल पसरले होते. खालच्या पायरीवर परीट कपडे आपटत होता. कपडा खाली आलेला आधी दिसे आणि आवाज मागाहून येई. हा काठ तिला पाठ होता. चार वर्षं ती ह्या गावात नांदली होती, पण असं ताठ मानेनं, डोळे उघडे ठेवून इथनं चालली नव्हती. घागर असायची, नाहीतर धुणं, नाहीतर सासूबाई. घाट संपून नवी फरसबंदी लागली तिथं एका सावकारानं दिलेलं दगडी बाक होतं, त्याच्या पाठीवर द्राक्षांचा वेल कोरलेला. ताईंनी सगळ्यांना त्या वेलावरून हात फिरवायला लावला. “कला डोळ्यांनी पाहायची तशी हातानंही पाहायची असते.” पुढे हौदात सिमेंटचा बगळा होता, त्याच्या चोचीतून पाणी यायचं होतं, पण आज येत नव्हतं. त्याच्यापुढे काठावर जबडा वासलेली सिमेंटची मगर, शेपटीसकट दोन पुरुष लांब. विजयमाला किंचाळली ती थेट ताईंच्या गळ्यातच पडली. “आगं आई गं! खरी हाय का काय?” “खरी असती तर तू किंचाळायला राहिली असतीस का?” शालूबाई म्हणाल्या, आणि मगरीच्या पाठीवर ऐसपैस बसून त्यांनी गुडघे चोळायला घेतले. हशा पिकला. शरयूही हसली. ती इतक्या मोठ्यानं हसली की दोघीतिघींनी वळून बघितलं, आणि तिला तिचं स्वतःचं हसू ऐकून नवल वाटलं.

अहो, मला शिंक येतेय. हे ती म्हणायची. पौषातली थंडी, परसातला धुण्याचा दगड, आणि समोर लाकडी तिवईवर ओल्या मातीचा ढीग. तिचा नवरा शाळेत ड्रॉइंगमास्तर होता. मुंबईला चित्रकला शिकून आलेला, पण जीव सगळा मातीत. बेंदराच्या सणाला कुंभाराकडून बैल आणायचे, तर मास्तर स्वतःच करत बसायचे, आणि त्यांचे बैल इतके हुबेहूब होत की आळीतली पोरं ते पूजा झाल्यावर विसर्जन करू देत नसत. त्यांना नव्या बागेसाठी काही करा म्हणून नगरपालिकेकडून सांगून आलं तेव्हा ते तीन दिवस नदीवर जाऊन बसले आणि चौथ्या दिवशी घरी येऊन म्हणाले, “उद्या न्हाऊन झालं की केस पुसू नकोस. तशीच बाहेर ये.” अशा चाळीस सकाळी. दगडावर बसायचं, मान डाव्या खांद्यावर वळवायची, दोन्ही हातांनी केस पिळत राहायचं. केस वाळले की मास्तर तांब्यानं पुन्हा पाणी ओतायचे. ती कुडकुडायची. अहो, मला शिंक येतेय. “दाब! दाब ती! हलू नकोस, अगदी अस्संच तोंड ठेव!” म्हणून ते ओरडायचे, आणि ती ओठ मिटून, नाकपुड्या आवळून, डोळे अर्धे झाकून शिंक धरून ठेवायची. तोच चेहरा मातीत उतरला. आईनंसुद्धा कधी तिच्याकडे इतका वेळ बघितलं नव्हतं. ती त्या चाळीस दिवसांत सुखी होती, हे सरळ सांगून टाकलेलं बरं. सर्दीनं बेजार होती आणि सुखी होती.

आणि मागच्या दारात सासूबाई. त्यांची हरकत ओल्या लुगड्याला नव्हती, उघड्या पाठीलाही नव्हती. घरचं परस, घरचा नवरा. त्यांची हरकत कपाळाला होती. न्हाताना कुंकू धुऊन जातं, ते पुन्हा लावल्याखेरीज सवाष्ण बाईनं घटकाभर बसू नये, कुणाच्या समोर येऊ नये, नवऱ्याच्या तर नाहीच नाही. “मास्तर झालास तरी रीत आहे ती आहे,” त्या म्हणायच्या. मास्तर हातानं माती थापता थापता म्हणायचे, “आई, ही नुकती न्हालेली बाई आहे. कुंकू लावायच्या आधीची. आता उठेल आणि लावेल की! मी तिला उठू दिलं म्हणजे.” आणि हसायचे. साचा झाला, सिमेंट ओतलं, बाई तयार झाली, आणि बाग अजून व्हायची होती म्हणून कोठारात गेली. त्या आषाढात मास्तर विषमज्वरानं एकवीस दिवसांत गेले. तेराव्यानंतर सासूबाई भाजी निवडत बसल्या होत्या. त्या रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत, निवडता निवडता इतकंच म्हणाल्या, “चाळीस दिवस बसलीस कोऱ्या कपाळानं. आता बस जन्मभर.” हे शरयूनं कुणालाही सांगितलं नव्हतं. विषमज्वर पाण्यातून येतो, त्या पावसाळ्यात आळीतली आणखी तीन माणसं गेली, त्यांच्या बायका काय कोऱ्या कपाळानं बसल्या होत्या? हे तिला कळत होतं. तिनं स्वतःला हजार वेळा समजावलं होतं. पण पहाटे जाग आली की डोक्यात पहिली ती भाजीची देठंच यायची.

“चला चला, पाय उचला!” ताईंचा आवाज आला आणि घोळका हलला. बागेचं लोखंडी फाटक दिसलं. कण्हेर, जास्वंद, कडेनं लावलेली कोवळी बकुळीची रोपं, आणि उताराच्या टोकाला, जिथं बाग संपून नदी सुरू होते तिथं एक कट्टा. कट्ट्यावर कुणीतरी पाठमोरं बसलेलं. शरयूनं मान उंच करून बघितलं. ही माझी पाठ. मी माझी पाठ आजवर पाहिलेली नाही आणि ही माझी पाठ. तिला पळत पुढे जावंसं वाटलं, सगळ्यांना ढकलून, आणि तिला तिथल्या तिथे बकुळीच्या आळ्यात बसकण मारावीशी वाटली. ती दोन्हींतलं काहीच न करता आपल्या शेवटच्या जागेवरून चालत राहिली. पाठीचा मणका खांद्याशी जरा डावीकडे कलतो, तोही त्यांनी सोडला नव्हता. देवा, काय हा माणूस! तिला हसू आणि रडू एकाच जागी आलं. मग घोळका कट्ट्याला वळसा घालून समोर गेला आणि सगळ्या एकदम थांबल्या.

“हे काय?” ताई म्हणाल्या.

बाईच्या कपाळावर कुंकू होतं. साधं बोट नव्हे, मळवट. दोन्ही गालांना हळद, पायाच्या अंगठ्यांना हळद, हातांत मनगटाला दोऱ्यानं बांधलेल्या हिरव्या बांगड्या, मांडीवर खण-नारळ, आणि तेलाचा हात इतका फिरलेला की सिमेंट काळंभोर होऊन चकाकत होतं. पायाशी दिवा. दिव्याजवळ एक बाई उकिडवी बसून फुलं मांडत होती. कासोटा घालून नेसलेलं लुगडं, गोंदलेली हनुवटी. “या, या बायांनो, लवकर आलासा,” ती म्हणाली. ती हरणाबाई. बागेच्या माळ्याची, आकारामाची बायको. माण तालुक्यातली, म्हसवडच्या अंगाची. पाऊस पडेना म्हणून मेंढरं विकून नवऱ्यामागनं सांगलीला आलेली, हे तिनं कुणी न विचारताच सांगून टाकलं.

“अहो, पण हे काय केलंत तुम्ही?” ताई कळवळून म्हणाल्या. “ही देवी नव्हे. ही कला आहे! नुसती एक बाई आहे, न्हाऊन केस पिळतेय!”

“व्हय की. मला काय दिसत न्हाई?” हरणाबाई म्हणाली. “बाईच हाय. म्हनूनच तर. एवढी गुणाची बाई हितं येकटी बसलीया, पानी बगत, अन् कपाळ कोरं. दिवसभर यायचं-जायाचं म्हंजी नदरंला पडायचं. लय वंगाळ वाटायचं वं. बाईमानसाचं कोरं कपाळ बगवत न्हाई. येक दिस हात धुतला, कुकू लावलं. दुसऱ्या दिशी परटीन आली, तिनं लावलं. मंग काय, शुक्कीरवारी रांगच लागाय लागली.”

कोरं कपाळ बघवत नाही, ह्यावर चौघीजणींनी एकदम खाली बघितलं, आणि विजयमालेनं उगाचच शरयूचा हात धरला. पण शरयूला लागलं नाही. तिला काहीच लागलं नाही. ती कपाळाकडे बघत होती. कुंकू लावायच्या आधीची बाई. आता उठेल आणि लावेल की! आणि दोन वर्षं ती पोत्यात होती, कुणी तिला उठू दिलं नाही, तिच्या हातांत केस अडकलेले. तर ही कोण कुठली म्हसवडची बाई आली आणि तिनं ते काम करून टाकलं. कुणी कुणाला विचारलं नाही, कुणाची परवानगी काढली नाही. शरयूच्या डोक्यात भाजीच्या देठांचा ढीग होता, तो कुणीतरी सुपानं भरून उचलून नेतंय असं तिला वाटलं. तिचा श्वास इतका भरभर चालला होता की विजयमाला म्हणाली, “बसता का जरा? ऊन लागलं काय?” ऊन कुठलं, साडेआठ तर वाजले होते.

आता चैत्र चाललेला. दुपारी ताईंच्या बहिणीकडे हळदीकुंकू ठरलेलं, त्यासाठी विजयमालेच्या पिशवीत करंडा होता आणि भिजवलेल्या हरभऱ्यांची पुरचुंडी होती. समोर सवाष्णीचा साज ल्यालेली बाई. हात शिवशिवायला एवढं पुरे होतं. “आता आलोच आहोत तर,” कुणीतरी म्हणालं. पहिला नंबर शालूबाईंचा. मग एकेक करून सगळ्या कट्ट्यावर चढल्या, हळद लावली, कुंकू लावलं, मांडीवर हरभरे ठेवले. “अंधश्रद्धा आहे ही शुद्ध,” ताई म्हणत होत्या, आणि शेवटी करंडा त्यांच्याकडे आला तेव्हा इकडेतिकडे बघून त्यांनीही पटकन बोट टेकवलं. करंडा हातोहात फिरला. शरयूपाशी आला तेव्हा तो नेहमीसारखा तिच्या डोक्यावरून पलीकडच्या हातात गेला. कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं, हातांनाच तशी सवय. दर हळदीकुंकवाला हा करंडा डोक्यावरून गेला की ती खिडकीबाहेर बघायची. आज ती बघत राहिली. दहा बायका, एकीमागून एक, माझ्या कपाळाला कुंकू लावताहेत. माझ्या गालाला ह्यांची बोटं लागताहेत. शालूबाई, ज्या सकाळी वाटेत मी आडवी आले तर दोन पावलं मागे सरतात, त्या शालूबाई माझ्या पायाच्या अंगठ्याला हळद लावून नमस्कार करताहेत! हे तिला इतकं भारी वाटलं की आपल्या तोंडून आता काहीतरी फुटणार ह्या धास्तीनं ती चार पावलं बाजूला कठड्याशी जाऊन उभी राहिली.

तेवढ्यात ताईंना आपलं व्याख्यान आठवलं. “सगळ्यांनी इकडे लक्ष द्या. कुंकवाकडे नको, मुखावरचा भाव बघा. मिटलेले ओठ. अर्धोन्मीलित नेत्र. बाह्य जगाचं भान नाही. ही केवळ केस पिळत नाही. ही ध्यानमग्न आहे. जणू समाधीच लागली आहे!”

शिंक हो ताई, शिंक! शरयूच्या पोटातून हसू उसळलं. हसायचं नव्हतं, मेलं तरी हसायचं नव्हतं. तिनं ओठ मिटले, नाकपुड्या आवळल्या, डोळे अर्धे झाकून घेतले आणि कुणाला दिसू नये म्हणून मान डाव्या खांद्यावर वळवली. हरणाबाई त्याच बाजूला दिव्यात तेल घालत होती. तिनं सहज वर बघितलं. मग कट्ट्यावर बघितलं. मग पुन्हा शरयूकडे. तेलाची वाटी तिच्या हातातच राहिली.

“आवं बायांनो,” ती म्हणाली, “ही बाई तुमच्यासंगंच आलीया की! ह्याच त्या! ह्या बाई बगा, अन् ह्या बगा!”

दहा तोंडं वळली. पुतळ्याकडे, शरयूकडे, परत पुतळ्याकडे. खाली परटाचा कपडा दगडावर आपटला, एकदा, दोनदा, तीनदा. शरयूला कळत होतं की अजून काही बिघडलेलं नाही. काहीतरीच काय, म्हणून हसलं की झालं. सारखी तोंडं असतात जगात. पुढच्या महिन्यात सभा, वर्ग कायम, महिन्याच्या महिन्याला आपल्या हक्काचा घास, भावजयीच्या ताटाकडे बघायला नको. सगळं त्या एका नाहीमध्ये होतं आणि नाही तिच्या जिभेवर आलंही होतं. पण जीभ आज तिचं ऐकायला तयार नव्हती. सकाळपासून पायांनी ऐकलं नव्हतं, हसण्यानं ऐकलं नव्हतं, आता ही.

“होय,” शरयू म्हणाली. “मीच आहे ती. आमच्या घरच्यांनी केलाय हा पुतळा. मी बसले होते त्यांच्यापुढे. चाळीस दिवस.” आणि तिला आवरेना म्हणून पुढे म्हणाली, “आणि ताई, ती समाधी नाही. मला शिंक येत होती.”

विजयमाला फिस्सकन् हसली आणि तिनं पदर तोंडात कोंबला. चारुशीलाताईंचं तोंड उघडं होतं ते उघडंच. पण शालूबाई हसल्या नाहीत. त्यांचा चेहरा उतरला होता. रागानं नव्हे, भीतीनं. “अगं बाई गं,” त्या म्हणाल्या, “आणि आम्ही हिला कुंकू लावलं? माहीत असो-नसो, पाप ते पापच. पुसा गं आधी ते. कुणीतरी पाणी आणा.” आणि कुणी हलत नाही असं बघून त्या स्वतःच, दुखऱ्या गुडघ्यांनी, पदराचं टोक हातात धरून कट्ट्यावर चढू लागल्या.

शरयू त्यांच्याआधी वर पोचली. कशी चढली ते तिला नंतरही आठवलं नाही. ती पुतळ्याच्या आणि शालूबाईंच्या मधे उभी राहिली, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिनं एका वडीलधाऱ्या बाईचं मनगट धरलं. “नका पुसू,” ती म्हणाली. आवाज मोठा होता. “माझं पुसलंत, मी काही म्हटलं नाही. हिचं नका पुसू. ही आत्ता कुठं न्हाऊन बसलीय. पौष आहे. ते समोर बसलेत, हाताला माती लागलीय त्यांच्या. हिला अजून काही ठाऊक नाही हो शालूबाई. हिला कशाला सांगायचं?”

शालूबाईंच्या हातातलं पदराचं टोक तसंच राहिलं. त्यांनी पुतळ्याच्या तोंडाकडे बघितलं, बराच वेळ बघितलं, इतक्या जवळून त्यांनी तो आत्तापर्यंत बघितलाच नव्हता. वारा आला आणि मांडीवरचा खण जरा उडाला, तो हरणाबाईनं नारळाखाली नीट सरकवला. तिच्या लेखी ह्यात घोटाळा काहीच नव्हता. “मग बरंच झालं की,” ती म्हणाली. “आमी लावतुया, पर ह्या बाईला बोलता कुठं येतंय? कुकू लावल्यावर नाव घेयाला नगं? रोज आपलं मुक्यानंच चाललंया. आज तुमी आलाय, तर तुमी घ्या की तिच्या वाटचं. काय नाव मालकांचं?”

विधवेला नाव घ्यायला कुणी सांगत नाही. दोन वर्षांत ते नाव शरयूनं मोठ्यानं उच्चारलं नव्हतं. आधी लाजेनं घ्यायचं नव्हतं, नंतर घेण्यासारखं उरलं नव्हतं. तिनं ताईंकडे बघितलं. ताईंनी हळूच मान हलवली. विजयमालेचे डोळे भरले होते आणि ती हसत होती. शरयूनं पुतळ्याच्या तेलकट, उन्हानं कोमट झालेल्या खांद्यावर हात ठेवला. लग्नातल्यासारखी नजर खाली गेली ती तिनं मुद्दाम वर उचलली.

“कृष्णेच्या पायरीवर कोवळं कोवळं ऊन,
हरीरावांचं नाव घेते ओले केस पिळून.”

शालूबाई अजून कट्ट्यावरच होत्या, शरयूच्या अगदी पुढ्यात, हातभर अंतरावर. त्यांनी पदराचं टोक सोडलं, नाक ओढलं आणि खालच्या बायकांकडे न बघता खणखणीत आवाजात म्हणाल्या, “आम्हाला नाही गं ऐकू आलं. पुन्हा घे.”

शरयूनं पुन्हा घेतलं, मोठ्यानं.